ताबा आणि अंमल: पटावरचा मुलूख नेमका कधी आपला होतो?

गेल्या रविवारी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी पोहे-जिलबी आटोपल्यावर ‘रिस्क’ या मुलूख जिंकायच्या खेळाचा पट मांडला. खेळायला माझी तेरा वर्षांची भाची, तिचा दहा वर्षांचा भाऊ आणि मी. पलंगावर बसून बघायला माझे वडील, ज्यांना घरात लहानथोर सगळे नानाच म्हणतात. पोरीकडे फक्त ऑस्ट्रेलिया खंड उरला होता, म्हणजे चार प्रदेश. पण इंडोनेशियात तिनं बारा सैन्यं जमवून ठेवली होती. तिची पाळी आली आणि ती सुटलीच. सयाम घेतला, भारत घेतला, अफगाणिस्तान, उरल, तिथून थेट सायबेरिया. एका दमात पाच प्रदेश, आणि गमावली फक्त दोन सैन्यं. तिनं नानांकडून टाळी घेतली.

मग भावाची पाळी आली. चीनमध्ये त्याची आठ सैन्यं निवांत बसली होती आणि चीनची हद्द तिच्या पाचही नव्या प्रदेशांना भिडलेली. सायबेरियात तिची पाच सैन्यं होती, बाकी चारही ठिकाणी एकेक सोंगटी. त्यानं सयामवर फासे टाकले, सयाम गेला. तिथून तो इंडोनेशियात उतरला. निघताना तिनं तिथंही एकच सोंगटी ठेवली होती, तीही गेली. इंडोनेशिया गेला म्हणजे ऑस्ट्रेलिया खंड फुटला आणि खंडापोटी दर पाळीला मिळणारी दोन सैन्यं बंद झाली.

“पण मी तर जिंकले होते!” पोर रडवेली झाली.

नाना तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. उभी हयात खसरे आणि पटवाऱ्यांचे अहवाल बघण्यात गेली. ते एवढंच म्हणाले, “कब्जा घेतलास बाळा. नामांतरण कुठं झालं होतं?”

मला वाटतं, मुलूख जिंकण्याच्या खेळांची सगळी नियमावली या दोन शब्दांच्या मधल्या जागेत बसलेली असते. शेतात जाऊन उभं राहणं म्हणजे कब्जा. कागदावर नाव चढणं, सारा आपल्या नावानं भरला जाणं, गावानं “हे अमक्याचं शेत” म्हणणं, हे पुढचं, म्हणजे नामांतरण. जुन्या मराठीत लढाईसाठीही हा भेद पक्का होता. ठाणं बसणं वेगळं आणि अंमल बसणं वेगळं. ठाणं एका रात्रीत बसतं. अंमल बसायला काळ जातो. यापुढे मी सैन्य पोचण्याला ‘ताबा’ म्हणेन आणि तो मुलूख आपल्यासाठी उत्पन्न देऊ लागण्याला ‘अंमल’. कुठलाही युद्धखेळ हातात घेतलात की या दोघांमध्ये किती अंतर ठेवलंय ते आधी शोधा. बाकीचे नियम मग आपोआप उलगडत जातात.

‘रिस्क’पासूनच सुरुवात करू, कारण घरोघरी तोच असतो. तो १९५७ साली फ्रान्समध्ये आला. बनवणारे आल्बेर लामोरिस मुळात चित्रपट दिग्दर्शक. पटावर ४२ प्रदेश, सहा खंड. इथं ताबा आणि अंमल यांच्यात अंतर जवळपास शून्य. समोरच्याची शेवटची सोंगटी पडली की तुम्ही आत शिरता आणि प्रदेश तुमचा. पण दोन अटी आहेत आणि त्याच नवख्याच्या नजरेतून सुटतात. पहिली, मागं किमान एक सैन्य ठेवल्याशिवाय पुढं जाता येत नाही; कुठलाही प्रदेश रिकामा सोडता येत नाही. दुसरी, जितके फासे टाकून शेवटची चढाई जिंकलीत, निदान तितकी सैन्यं नव्या प्रदेशात न्यावीच लागतात. म्हणजे प्रत्येक विजय तुमच्याकडून एक शिपाई कापून घेतो. बारा सैन्यं घेऊन निघालात, दोन पडली, आणि इंडोनेशियापासून उरलपर्यंत प्रत्येक ठिकाणी एकेक ठेवत गेलात, तर सायबेरियात पोचेपर्यंत पाच उरतात. पोरीचं नेमकं हेच झालं.

आता फाशांचं गणित बघा, कारण मागं ठेवलेली एक सोंगटी काय लायकीची असते ते त्यातून कळतं. चढाई करणारा जास्तीत जास्त तीन फासे टाकतो, बचाव करणारा दोन. मोठ्याशी मोठा फासा लावून बघायचा. बरोबरी झाली तर बचाव करणाऱ्याची सरशी. तीन फाशांसमोर बचावाचा एकच फासा असेल तर शंभरातल्या सुमारे ६६ वेळा चढाई करणारा जिंकतो. बचावाचे दोन फासे असले की चित्र बदलतं: सुमारे ३७ वेळा बचावाची दोन्ही सैन्यं पडतात, २९ वेळा चढाईवाल्याची दोन्ही पडतात आणि ३४ वेळा दोघांचं एकेक जातं. एका सोंगटीच्या जागी दोन ठेवल्या की झुंज जवळजवळ बरोबरीची होते. म्हणून एकटी सोंगटी म्हणजे ठाणं नव्हे, ती नुसती खूण असते. “इथून मी गेले होते” एवढंच ती सांगते.

आणि उत्पन्न? इथं मी पोरीला कागदावर हिशोब करायला लावला. दर पाळीला नवी सैन्यं मिळतात ती प्रदेशांच्या संख्येला तीननं भागून, अपूर्णांक सोडून, पण तीनपेक्षा कमी कधीच नाही. तिच्याकडे चार प्रदेश होते तेव्हा तीन मिळायची. पाच नवे घेऊन नऊ झाले. नऊ भागिले तीन, तीन. म्हणजे पाच देश पालथे घालून तिच्या आमदनीत एक दाणाही वाढला नव्हता! पाळीत एखादा तरी प्रदेश जिंकला की एक पत्ता मिळतो, तोही एकच. एक जिंका नाहीतर पाच. तिनं नुसता सयाम घेतला असता आणि सगळं सैन्य तिथंच ठेवलं असतं तर पत्ता मिळाला असता, आमदनी तेवढीच राहिली असती, आणि ऑस्ट्रेलियाचं दार बंद झालं असतं. कारण त्या खंडाला बाहेरून वाट एकच, सयाममधून इंडोनेशियात. हे आकडे मांडून झाल्यावर ती बराच वेळ पटाकडे बघत बसली. मला तो क्षण फार आवडला. हरल्याचं दुःख संपून खेळ समजायला तिथून सुरुवात होते.

खंडांचे बोनस लक्षात ठेवायचे तेही दारांच्या हिशोबानं. आशिया सात सैन्यं देतो, पण बारा प्रदेश घ्यावे लागतात आणि पाच दारं राखावी लागतात: मध्यपूर्व, अफगाणिस्तान, उरल, सयाम आणि कामचाटका. उत्तर अमेरिका पाच देते आणि दारं तीनच: अलास्का, ग्रीनलंड, मध्य अमेरिका. ऑस्ट्रेलिया दोनच देतो, पण दार एक. मोठ्या वाड्याला पाच दरवाजे आणि शिपाई तीन, अशी आशिया घेणाऱ्याची गत होते.

‘डिप्लोमसी’ नावाचा खेळ या सगळ्याच्या उलट्या टोकाला आहे. अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी तो १९५४ मध्ये रचला आणि १९५९ पासून तो विकायला आला. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा युरोप, सात सत्ता, फासा एकही नाही. पटावर ३४ रसद-केंद्रं असतात आणि १८ हाती आली की जिंकलात. इथली मेख वेळेत आहे. वर्षाच्या दोन चाली असतात, वसंतातली आणि शरदातली. केंद्र कुणाच्या मालकीचं हे फक्त शरदातल्या चालीनंतर मोजतात. समजा ऑस्ट्रियाचं सैन्य वसंतात सर्बियात शिरलं. ताबा झाला. पण शरदात ते पुढं ग्रीसकडे सरकलं तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या नावावर चढतच नाही. मोजणीच्या वेळी तिथं कुणी नव्हतं. शरदात ते तिथंच थांबलं तर मात्र नाव चढतं. आणि एकदा चढलं की सैन्य निघून गेलं तरी ते राहतं, दुसऱ्या कुणाचं सैन्य एखाद्या शरदाअखेर तिथं उभं राहीपर्यंत.

‘रिस्क’मध्ये मागं शिपाई ठेवावाच लागतो, ‘डिप्लोमसी’त मागं कुणी नसलं तरी मालकी टिकते, पण ती मिळवायला मोजणीच्या दिवशी हजर राहावं लागतं. नानांना हे ऐकवलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “बरोबर आहे. गिरदावरीच्या, म्हणजे पीकपाहणीच्या वेळी शेतात पीक कुणाचं उभं आहे, तेच कागदावर लिहिलं जातं.” या खेळातला आणखी एक नियम मला फार शहाणा वाटतो. नवं सैन्य उभं करता येतं ते फक्त आपल्या मूळच्या केंद्रांत, तेही रिकामं असेल आणि आपल्याच हाती असेल तर. सर्बिया जिंकलात म्हणून सर्बियात ऑस्ट्रियाची नवी पलटण उभी राहत नाही. जिंकलेली जमीन पोसते, पण लढायला पोरं घरूनच आणावी लागतात.

‘अ‍ॅक्सिस अँड अ‍ॅलाइज’ हा लॅरी हॅरिस यांचा दुसऱ्या महायुद्धावरचा खेळ १९८१ सालचा. त्यात “आत कोण गेलं” हा प्रश्न महत्त्वाचा होतो. विमानांनी शत्रूचं सगळं सैन्य झोडपून काढलं, समोर एक शिपाईही उरला नाही, तरी प्रदेश तुमचा होत नाही. लढाई संपल्यावर तुमचं निदान एक जमिनीवरचं दल जिवंत असलं पाहिजे. विमानं लढून परत फिरतात. पाय रोवतं ते पायदळ. त्यामुळं मुरलेला खेळाडू महागड्या रणगाड्यांबरोबर स्वस्तातलं पायदळही पाठवतो. मरायला ते पुढं आणि शेवटी झेंडा लावायलाही तेच. रणगाड्यांना एक सवलत आहे: वाटेतला शत्रूचा प्रदेश पूर्ण रिकामा असेल तर ते तो घेत घेत त्याच पाळीत पुढच्या प्रदेशात घुसू शकतात.

या खेळात ताब्याचं फळ लगेच मिळतं, पण सगळं नाही. प्रदेशाचा उत्पन्नाचा आकडा त्याच पाळीच्या शेवटी तुमच्या खात्यात येतो. तिथला कारखाना मात्र त्या पाळीत वापरता येत नाही. नवी दलं तिथून काढायला पुढची पाळी यावी लागते. शत्रूची राजधानी घेतली तर त्याचा सगळा खजिना हाती येतो आणि ती परत मिळेपर्यंत त्याला उत्पन्नही नाही, खरेदीही नाही. दोस्ताचा गेलेला प्रदेश तुम्ही सोडवलात तर तो तुमचा होत नाही, मूळ मालकाला परत जातो. मालकाची राजधानीच शत्रूच्या हाती असेल तर मात्र तेवढ्या काळापुरता तुम्ही सांभाळायचा. हा नियम मुलांना पटकन पटतो. शेजाऱ्याच्या घरातला चोर हाकलला म्हणून घर आपलं होत नाही.

षट्कोनी घरांच्या पटावरच्या युद्धखेळांबद्दल थोडक्यात. या घराण्याचा पाया चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली ‘टॅक्टिक्स’ काढून घातला. त्यात एकेका घराची मालकी फारशी मोजत नाहीत. मोजतात ती धाक आणि रसद. प्रत्येक पलटणीचा धाक तिच्या भोवतीच्या सहा घरांवर चालतो. त्या धाकाच्या घरात शिरलं की बहुतेक खेळांत शत्रूला थांबावं लागतं. त्यामुळं दोन-दोन घरांचं अंतर सोडून पलटणी उभ्या केल्या तरी मधून कुणी गुपचूप निसटत नाही. थोड्या माणसांत मोठी हद्द राखायची युक्ती ती हीच. आणि रसद म्हणजे पलटणीपासून आपल्या तळापर्यंत शत्रूनं न अडवलेली सलग वाट. ती तुटली की पुढं गेलेली फौज जागच्या जागी वाळते, समोर कुणी लढलं नाही तरी.

ताबा आणि अंमल यांच्यातलं अंतर सगळ्यात लांब ठेवलंय ते संगणकावरच्या खेळांनी. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा २०१३ सालचा खेळ माझ्या भावाच्या मुलाच्या लॅपटॉपवर आहे आणि त्यात मराठे म्हणूनही खेळता येतं. तिथं वेढा देऊन किल्ला घेतला की तो प्रांत नकाशावर पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागतो: ताबा तुमचा, मालकी अजून शत्रूची. मालकी बदलते ती तहात, आणि तहात किती मागता येईल हे युद्धातल्या तुमच्या पारड्यावर ठरतं. तह झाला तरी काम संपत नाही. नवा प्रांत पचवायला प्रशासनाची ताकद खर्च करावी लागते. पचेपर्यंत त्याचा भार राज्यावर राहतो. भार शंभर टक्क्यांच्या वर गेला की ठिकठिकाणी बंडं उठतात. शिवाय फार भराभर गिळत सुटलात तर शेजारी एकत्र येऊन तुमच्यावर चालून येतात. हे सगळं पहिल्यांदा बघणाऱ्याला जाचक वाटतं. मला मात्र हेच खरं वाटतं, कारण आम्ही ज्या मातीवर बसलोय तिची गोष्ट अशीच घडलीय.

२९ नोव्हेंबर १७२८. धारजवळ अमझेरा. चिमाजीअप्पांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याच्या फौजेचा पाडाव केला, सुभेदार स्वतः पडला. ‘रिस्क’च्या नियमानं माळवा त्या संध्याकाळी मराठ्यांचा झाला असता. प्रत्यक्षात मोगलांनी दुसरा सुभेदार नेमला, मग तिसरा. मराठ्यांनी काय केलं? चौथाई वसूल करत राहिले. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर सरदेशमुखीचा दहावा. खेळाच्या भाषेत बोलायचं तर मालकी दुसऱ्याची, पण उत्पन्नातला वाटा आपला. १७३२ मध्ये बाजीरावांनी माळवा होळकर, शिंदे आणि पवार यांना वाटून दिला. मागं एकेक सोंगटी ठेवून पुढं धावण्याऐवजी त्यांनी तिथं माणसं कायमची बसवली, ज्यांचं पोट त्याच मुलखावर चालणार होतं. इंदूर, उज्जैन, धार, देवास, या गावांचा पुढचा सगळा इतिहास त्या वाटणीतून निघाला. माझ्यासारखी मराठी बोलणारी घरं आज रामबागेत आहेत त्याचं मूळही तिथंच.

तरी कागद झालाच नव्हता. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी निजामाला भोपाळला कोंडलं आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईच्या तहात त्यानं माळवा बादशहाकडून मिळवून द्यायचं कबूल केलं. सनद आली १७४१ साली, तीही नायब सुभेदारीची: नाव बादशहाचं, कारभार पेशव्यांचा. ती बघायला बाजीराव नव्हते. २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला त्यांचं देहावसान झालं होतं आणि सनद घेतली ती नानासाहेबांनी. लढाईपासून कागदापर्यंत तेरा वर्षं.

याच्या शेजारी पंजाब ठेवून बघा. एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरला पोचले, मराठ्यांचे झेंडे अटकेला लागले. आपल्या भाषेत त्याची म्हण झाली. पण मागं काय ठेवलं? वर्षाला ७५ लाखांच्या बोलीवर पंजाब अदिना बेगच्या हाती दिला आणि मुख्य फौज परत फिरली. अदिना बेग त्याच वर्षी सप्टेंबरात वारला. १७५९ संपेपर्यंत अब्दालीनं पंजाब परत घेतला होता, आणि त्यापुढचं पानिपत सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं लढणाऱ्यांच्या शौर्याला कुठं उणं नव्हतं. तुटली ती साखळी. लाहोरपासून पुण्यापर्यंत वाट केवढी, आणि मधल्या घरांवर ठाणी किती! मी हे सांगत असताना भाची मध्येच म्हणाली, “म्हणजे लाहोर म्हणजे माझा सायबेरिया.” हो. अगदी तसंच.

आणि एक उदाहरण इंदूरकरांनी तरी विसरू नये असं. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांपुढं हरली आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. लढाई आणि कागद यांच्यात फक्त सोळा दिवस. तहात काय घेतलं ते खेळाडूच्या डोळ्यांनी वाचण्यासारखं आहे. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांनी सरळ आपल्या राज्याला जोडला. राजपूत संस्थानांकडून होळकरांना येणाऱ्या खंडण्या त्यांनी स्वतःकडे घेतल्या. खुद्द इंदूरचं राज्य मात्र होळकरांकडेच ठेवलं. सारा होळकरांचा, न्याय होळकरांचा, वाडा होळकरांचा. फक्त परराज्यांशी बोलणं इंग्रजांच्या परवानगीनं, आणि दरबारावर लक्ष ठेवायला रेसिडेंट. त्याच वर्षी इंदूरपासून काही कोसांवर महूची छावणी वसली. एक सोंगटी, पण योग्य घरात. तिच्या धाकाखाली इंदूर येत होतं आणि तिला अंमल चालवायचा खर्च नव्हता. संगणकावरच्या खेळात यालाच मांडलिक करणं म्हणतात: प्रांत पचवायचा भार नको, बंडं शमवायची कटकट नको, तरी तो मुलूख तुमच्याविरुद्ध कधी उठू नये. रेसिडेन्सी आणि छावनी ही नावं शहरात अजून रोज घेतली जातात. सिटी बसमध्ये ती पुकारली जातात तेव्हा मला नेहमी हा तह आठवतो.

आजच्या जगाचा कायदा काय म्हणतो, हे थोडक्यात सांगून ठेवतो, कारण मुलं हटकून विचारतात. १९०७ च्या हेग नियमांतलं ४२ वं कलम सांगतं की मुलूख प्रत्यक्षात शत्रुसैन्याच्या हुकमतीखाली आला तरच तो ताब्यात गेला असं धरायचं, आणि जिथपर्यंत ती हुकमत बसली आहे व चालवता येते तेवढ्यापुरताच. पुढचं ४३ वं कलम ताबा घेणाऱ्यावर जबाबदारी टाकतं: तिथली व्यवस्था राखायची आणि अगदीच अशक्य नसेल तर तिथले कायदे चालू ठेवायचे. ताबा म्हणजे मालकी नव्हे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनं तर बळाच्या जोरावर दुसऱ्याचा मुलूख घ्यायलाच मनाई केली. पटावर जे चालतं ते पटापुरतंच, हे पोरांना मी दर वेळी सांगतो आणि सांगताना माझा आवाज आपोआप गंभीर होतो.

या सगळ्या बोलण्यातून आमच्या घरी एक खेळ तयार झालाय. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर भाचीनं माळवा काढला. खाली निळ्या पेनानं नर्मदा, वर चंबळ, मधे इंदूर, उज्जैन, धार, देवास, महेश्वर, महिदपूर, मंदसौर, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत महू. सैन्य म्हणून चिंचोके. कुठल्याही गावात चिंचोका ठेवला की ठाणं बसलं, पण उत्पन्न नाही. दोन पाळ्या ते ठाणं टिकलं आणि तिथून आपल्या मूळ गावापर्यंत आपल्याच गावांची सलग वाट असली, तर तिथं एक कवडी ठेवायची, तोंड वर करून. कवडी पडली की अंमल बसला. त्यानंतरच दर पाळीला त्या गावापोटी नवा चिंचोका मिळतो. शत्रू आत शिरला तर कवडी उचलायची नाही, उपडी करायची: उत्पन्न बंद, पण हक्क अजून जुन्या मालकाचा. शत्रूनं दोन पाळ्या काढल्या तर कवडी त्याची. आणि नानांच्या आग्रहावरून एक नियम वाढवलाय: दोघंही तयार असतील तर कुठल्याही पाळीला तह करून उपड्या कवड्यांचा निकाल तिथल्या तिथं लावता येतो. तह मात्र कागदावर लिहायचा आणि दोघांनी सही करायची.

काल रात्री पुन्हा डाव बसला होता. पोरीकडे इंदूर, उज्जैन आणि धार. कवडी फक्त इंदूरला पडली होती. मंदसौर रिकामं होतं, तिथं पोचायला वाट मोकळी होती आणि हातात चार चिंचोके होते. तिनं दोन धारला ठेवले, एक उज्जैनला, आणि चौथा थोडा वेळ बोटांत फिरवून महूवर ठेवला.

“ताई, मंदसौर रिकामं आहे,” भाऊ म्हणाला. “घे ना.”

“थांब,” ती पटावरून नजर न उचलता म्हणाली. “आधी इथल्या कवड्या पडू देत.”